उद्या कुणाचं शेत

सुदामभाऊजींचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. हातात डबा. डब्यात नाचणीची पेज, कारण त्या आठवड्यात नंदाच्या पोटात दुसरं काही टिकत नव्हतं. फोन उचलला तर पलीकडून बराच वेळ नुसता दवाखान्याचा गलबला ऐकू येत होता. मग भाऊजी म्हणाले, “वहिनी, डबा नका आणू आता.” एवढंच. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाकड्यावर बसले, डबा मांडीवर घेतला. पेज अजून गरम होती, लुगड्यातून मांडीला चटका बसत होता तरी डबा खाली ठेवायचं सुचेना. खरं सांगायचं तर पहिल्यांदा दुःख झालंच नाही. पहिल्यांदा जाणवलं ते इतकंच, की आता उद्या ही गाडी धरायची नाही. कितीतरी महिन्यांचा शिणवटा एकदम खांद्यावर येऊन बसला. कुणाला हे वाचून मी कोरडी वाटेन. वाटू दे. दवाखान्याच्या ज्यांनी खेपा घातल्यात त्यांना कळेल.

नंदा माझी धाकटी जाऊ, सुदामभाऊजींची बायको. माहेर पेठचं, लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आमच्या घरात आली तेव्हा मी मंचरच्या हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि घरात माझ्या शब्दाला वजन होतं. म्हणजे मला तसं वाटायचं. ही बारीक चणीची, हळू बोलणारी मुलगी कशालाच नाही म्हणायची नाही आणि करायची शेवटी स्वतःच्या मनासारखंच. मी पोह्यात साखर घालते, तिला चालत नव्हती. तिने कधी वाद घातला नाही, फक्त साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला आणि माझा हात तिथे पोचायचा नाही. पुढे दोन चुली झाल्या, जमिनीचे वाटे झाले, पण मधला बांध आम्ही दोघींनी कधी उंच होऊ दिला नाही. गावच्या दूध डेअरीत ती काही वर्षं कॉम्प्युटरवर फॅटच्या नोंदी करायला बसायची. तिथेच ती एक्सेल शिकली. मला त्या यंत्राचा मनापासून कंटाळा. फळ्यावर खडूने लिहिलेलं पुसायला निदान डस्टर शोधावं लागतं. यात नुसतं बोट घसरलं की गेलं.

आमच्या आळीत कांद्याची लागण सावडीने होते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, आज तुम्ही माझ्या शेतात या, उद्या मी तुमच्या शेतात येते, मजुरीचा प्रश्नच नाही. दिवसाची फेड दिवसाने. लागणीच्या दिवसांत मजूर कुणालाच मिळत नाहीत, आणि रोप तर थांबत नाही. वाफ्यात आधी पाणी सोडायचं, चिखल झाला की बायकांनी ओळीने बसून एकेक रोप टोचत मागे मागे सरकायचं. सासवांच्या काळापासून हे सगळं तोंडी चालायचं. कोण किती दिवस गेली, कुणाकडे किती राहिले, हे ज्याच्या-त्याच्या डोक्यात. आणि प्रत्येकीच्या डोक्यात वेगळं! दरवर्षी मार्गशीर्षात एक तरी भांडण असं व्हायचं की पुढे हळदीकुंकवापर्यंत दोन घरं एकमेकांकडे बघायची नाहीत. नंदाला भांडणाचा फार त्रास व्हायचा. ती भांडायची नाही, नुसती आजारी पडायची. एका वर्षी तिने सरळ सगळ्या सावडीचा हिशोब एका शीटमध्ये बसवला, ते शीट प्रत्येकीच्या फोनवर उघडेल अशी सोय केली आणि वापरायचं कसं ते घरोघर जाऊन दाखवून आली.

शीट साधं होतं. प्रत्येक घराची एक ओळ, ओळीच्या सुरुवातीला बाईचं नाव. सेल हा शब्द बायकांच्या तोंडी बसेना, मग त्यांनी त्याला ‘खण’ म्हणायला सुरुवात केली, फडताळाला असतात तसे. ज्या दिवशी तुम्ही कुणाच्या शेतात गेलात त्या दिवशीच्या खणात तसं लिहायचं. आपलं रोप लागणीला आलं की आणखी एका खणात ‘तयार’ असं लिहायचं, लागण झाली की ते काढायचं. बाकीचं शीट आपोआप करायचं. कुणाचे किती दिवस राहिले ते शेवटच्या खणात दिसायचं, आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत एक खण होता, ‘उद्या कुणाचं शेत’. ज्यांचं रोप तयार आहे त्यांच्यात जिने इतरांकडे जास्त राबून दिलंय तिचं नाव तिथे यायचं. पहिले काही दिवस बायका संध्याकाळी ते नाव बघायला देवाचा कौल लागल्यासारख्या जमायच्या. मी आपली म्हणायचे, “एवढ्यासाठी फोन कशाला, शेजारच्या दारातून ओरडलं की झालं.” नंदा हसायची.

मग रखमाकाकूचा प्रकार झाला. रखमाकाकू आमच्या आळीतली सगळ्यांत जुनी जाणती. हात असा चालतो की तरण्या पोरी मागे पडतात. लिहिता येतं, पण टाईप करायचा कंटाळा, म्हणून ती फोनच्या माईकवर बोलते आणि अक्षरं उमटतात. एका संध्याकाळी तिने शीट उघडलं. वरच लिहिलेलं, उद्या कुणाचं शेत? तिला वाटलं फोन तिलाच विचारतोय. विचारलंय तर उत्तर द्यायला नको का? माणुसकी आहे की नाही? तिने त्या खणावर बोट ठेवलं आणि माईकमध्ये स्वच्छ सांगितलं, “रखमा.” कारण दुसऱ्या दिवशी ती खरोखरच स्वतःच्या शेतात जाणार होती, मक्याला पाणी धरायला. त्या खणात खरं म्हणजे शेवंताचं नाव आलेलं होतं, ते आतल्या सूत्रासकट पुसलं गेलं.

सकाळी सगळ्या बायका रखमाकाकूच्या शेतावर जाऊन उभ्या. तिथे ना वाफे, ना रोप, नुसतं नांगरलेलं रान आणि पलीकडे मक्यात फावडं घेऊन उभी काकू. “आगं, मला इचारलं म्हनून म्या सांगितलं! तुमी का आल्या गं समद्या?” आधी हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. पण तिकडे शेवंताने आदल्या दिवशीच रोप उपटून जुड्या बांधून ठेवल्या होत्या, पहाटे मोटार लावून वाफे भिजवले होते आणि बायकांची वाट बघत ती बांधावर बसली होती. शेवंताचं शेत गावाच्या दुसऱ्या टोकाला. बायका तिच्याकडे पोचल्या तोवर ऊन वर आलेलं, वाफे आटून कडक झालेले आणि लाईट गेलेली. पुन्हा पाणी सोडता येईना. जुड्या गोणपाटाखाली झाकल्या, तरी पाणी मिळेपर्यंत त्यातलं बरंचसं रोप मान टाकून बसलं.

शेवंता भांडायला आली ती रखमाकाकूच्या दारात नाही, नंदाच्या दारात. “आमच्या सासवांचं तोंडी चालत व्हतं, कुनाचं रोप वाळलं न्हाई कधी. तुला कुनी सांगितलं व्हतं ह्यो उपद्व्याप कराया?” मी मध्ये पडायला गेले तर शेवंता माझ्यावर घसरली, “बाई, तुमी न्हाई बोलायचं. तुमच्या घरातलंच हाय समदं.” नंदाने तिला आत बोलावलं, चहा ठेवला. शेवंताने चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी नंदाने आपल्या वाफ्यातलं निम्मं रोप उपटून तिच्या शेतावर पोचतं केलं आणि त्या वर्षी आपला एक तुकडा मोकळा ठेवला. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. मला मात्र राग आला होता, आणि तो राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. शेवंताचं चुकलं नव्हतं. काकूचंही नाही. फोनचं म्हणावं तर त्याला बिचाऱ्याला काय कळतंय.

त्यानंतरच्या एका दुपारी नंदा आपला जुना लॅपटॉप घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी लसूण सोलत होते. तिला नवीन काही सापडलं की ते मला समजावून सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. मी चांगली श्रोती म्हणून नव्हे, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल म्हणून. ती म्हणाली, “ताई, आता या खणांना कुलूप लावते. वरचा तो खण, शेवटचे बेरजेचे खण आणि सगळ्यांची नावं. त्यावर कुणी कितीही बोट ठेवलं तरी काही बदलणार नाही.” मी म्हटलं, लाव की मग, त्यात सांगायचं काय. तर म्हणाली, “गंमत म्हणजे मुळात सगळ्याच खणांना कुलूप असतं. फक्त ते लागू झालेलं नसतं. आपण एकदम शीट प्रोटेक्ट केलं तर सगळंच बंद होतं, कुणालाच काही लिहिता येत नाही. म्हणून आधी जे मोकळे ठेवायचे ते निवडून मोकळे करायचे आणि मग कुलूप लावायचं. आधी मोकळं, मग कुलूप. उलटं केलं की फसलं.” तिने तसं करून दाखवलं. बायकांनी लिहायचे खण पांढरे ठेवले, कुलपाचे करडे केले.

मी मुद्दाम छेडलं तिला, “सरळ म्हण ना, बायकांवर विश्वास नाही तुझा.” ती म्हणाली, “बायकांवर आहे, ताई. बोटांवर नाही. माझ्याही बोटांवर नाही. मलासुद्धा काही बदलायचं असेल तर आधी पासवर्ड घालावा लागेल. तेवढ्या वेळात माणूस विचार करतो, खरंच बदलायचंय का.” मी लसणाची टोपली तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, आता इतका विचार करतेसच तर थोडा सोल. तिने सोलला. बोलता बोलता ती नखाने पाकळीचं टोक असं काढायची की सालपट आख्खं निघून यायचं.

बायकांचं लिहिणं हा आणखी वेगळाच विषय. नंदाने पांढऱ्या खणात एक आकडा लिहायला सांगितलं होतं. पण आमच्या बायका आकड्यावर थांबणाऱ्या आहेत होय? कुणी लिहायची ‘आले’, कुणी ‘दुपारनं आले’, कुणी ‘आले पण कंबर धरली’. एकीने एका खणात नवऱ्याची तक्रारच लिहून ठेवली होती. शब्दांची बेरीज होत नाही, त्यामुळे राबलेले दिवस धरलेच जात नव्हते. मी म्हटलं, दोन ठिकाणी चुकलं की आपोआप शिकतील, वर्गात मी तेच करायचे. नंदाने बायकांना शिकवायचं सोडून सूत्रच बदललं. पांढऱ्या खणात काहीही लिहा, अक्षर लिहा, आकडा लिहा, नुसतं टिंब द्या, दिवस धरला जाणार. शेवंतासुद्धा पुढच्या वर्षी लिहायला लागली. पहिल्या दिवशी तिने लिहिलं होतं, ‘आले. चहा बरा व्हता.’ त्या दिवशी शेत नंदाचं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी नंदाच्या पोटात गाठ निघाली. पुढचं सगळं ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, ज्यांच्या घरात झालं नाही त्यांना कशाला सांगू... केमो, रक्ताच्या चाचण्या, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून खाल्लेले डबे. लागणीचे दिवस आले तेव्हा ती घरी होती पण वाफ्यात बसण्याची ताकद नव्हती. बायका एका शब्दाने न विचारता तिच्या शेतात उतरल्या. ती बांधावर खुर्ची टाकून बसली होती, डोक्याला रुमाल, भर थंडीत कपाळावर घाम. संध्याकाळी तिच्या ओळीतल्या शेवटच्या करड्या खणात राहिलेले दिवस दिसायला लागले. पुढे खुरपणी झाली, काढणी झाली, तिच्याकडचे दिवस वाढतच गेले. तिने फेडलेला एकही नाही.

उन्हाळ्यात एकदा शेवंताच माझ्याकडे आली. हो, तीच शेवंता. म्हणाली, “बाई, त्या नंदाचे दिस शून्य करून टाका. आमी कुनी मागनार न्हाई. फोन उघडला का ती ते बघत आसंल, जिवाला लागत आसंल तिच्या.” मला बरं वाटलं. बायकांचा हा निरोप पोचवायला मी मोठ्या उत्साहाने नंदाकडे गेले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला माझ्यावर चिडलेलं पाहिलं. “अजिबात नाही. शून्य केलं की फिटलं, ताई. फिटलं की कोण कुणाच्या दारात येतं? राहिलेलं आहे तोवर आमचं घर सावडीत आहे. दगडूमामाचं काय झालं ते आठवा.” दगडूमामाची बायको वारली त्या वर्षी आळीने त्याची सगळी सावड माफ केली होती. दयेने केली होती. पुढच्या वर्षापासून त्याला कुणी बोलावलं नाही आणि त्याच्याकडे कुणी गेलं नाही, कारण घरात बाई नाही, मग सावड करायची कुणाशी? त्याने दोन वर्षांत रान वाट्याने देऊन टाकलं आणि देवळाच्या पारावर बसायला लागला. नंदा म्हणाली, “माझ्यामागे यांचं तसं नको. यांना शेताशिवाय काही येत नाही.” मी तिला दटावलं, असलं काही बोलू नको, तुला काही होत नाही. अशा वेळी माणसं हेच म्हणतात.

शेवटच्या महिन्यात दवाखान्यात तिने मला पासवर्ड सांगितला. लिहून घेऊ दिला नाही. दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला, मी मुलांकडून पाढे म्हणवून घ्यायचे तसा. तो इथे सांगत नाही, रखमाकाकू पेपरची ही पुरवणी वाचते. मग ती म्हणाली, “माझं नाव करड्या खणात आहे. ते चुकून पुसलं जाणार नाही. मुद्दाम पुसायचं म्हटलं तर आता फक्त तुमच्याच हातून पुसलं जाईल.” मी म्हटलं, “कशाला माझ्या गळ्यात टाकतेस गं हे? माझे गुडघे गेलेत, डोळे गेलेत, मला ते लॅपटॉपचं काही कळत नाही.” म्हणाली, “म्हणूनच.” आणि कूस बदलून झोपली. आमचं नीट असं बोलणं झालं ते हेच शेवटचं. नंतर आठवडाभर मी पेज नेत होते आणि ती दोन चमचे घेऊन मान हलवत होती.

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी बायका माझ्याकडे आल्या. रखमाकाकूने पदर डोळ्याला लावला होता. “त्ये नाव काढ बाई आता. फोन उघडला का नंदा, नंदा... पोटात तुटतंय बघ.” मी त्यांना नंदा काय म्हणाली होती ते सांगितलं. मग शेवंताने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं, “तिचं खरं हाय वो. पन तिच्या जागी येनार कोन? भाऊ? बायांच्या वळीत गडी मानूस कसा बसंल? तुमाला दोन घरांचे दिस व्हायचं न्हाईत, तुमाला सवताचाच व्हईना.” ते खरंच होतं. मी तासभर वाफ्यात उकिडवी बसले की मला दोघींनी धरून उठवावं लागतं. बायका गेल्यावर मी नंदाचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड घातला. करड्या खणांचं कुलूप निघालं, नंदाच्या नावावर चौकट आली. एक बटण दाबायचं होतं. मला वाटलं, पुसून टाकावं आणि झोपावं. रागाने नाही, नुसती दमून. वर्षभर जे-जे कुणी सांगितलं ते करत आले होते, मेलेलं माणूससुद्धा आणखी काम सांगून गेलं होतं... बराच वेळ बसून राहिले. मग कुलूप पुन्हा लावलं आणि सावडीच्या फोनवरच्या गटावर लिहिलं, नाव राहील.

भाऊजींना मी काही म्हटलं नाही. काय म्हणणार? त्यांचं रोप वाफ्यात होतं. शेवटची घरी आली तेव्हा नंदानेच बी टाकायला लावलं होतं. लागणीला पहिला नंबर रखमाकाकूचा आला. आम्ही वाफ्यात उतरत होतो तेवढ्यात बांधावरून सुदामभाऊजी आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्याला टॉवेल. चपला काढल्या, कुणाकडे न बघता ओळीच्या अगदी शेवटी चिखलात बसले आणि रोपाची जुडी हातात घेतली. आयुष्यभर त्यांनी नांगरट, फवारणी, मोटार बघितलेली, लागण कधी केली नव्हती. आमच्याकडे गडी करत नाहीत. सगळ्या बायका हातातल्या जुड्या तशाच धरून त्यांच्याकडे बघायला लागल्या. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की उठून निघून जावंसं वाटलं. मग शेवंता आपली जागा सोडून सरकत सरकत त्यांच्या शेजारच्या ओळीला आली आणि म्हणाली, “भाऊ, दाट लावू नका. चार बोटं सोडा मधी. आन् मान दाबून टोचा, न्हाईतर वर येतंया.” भाऊजी म्हणाले, “बरं.” आणि काम सुरू झालं.

संध्याकाळी शीट उघडलं तर नंदाच्या ओळीतल्या पांढऱ्या खणात एक टिंब होतं. भाऊजींनी ते नंदाच्या फोनवरून दिलं असणार, काय लिहावं ते सुचलं नसावं. करड्या खणातला एक दिवस कमी झाला होता.

ते रोज येत राहिले. रोज एक टिंब. ‘तयार’च्या खणातही त्यांनी टिंबच दिलं होतं, पण फेड बाकी असल्यामुळे त्यांचा नंबर खाली होता. एकेकीचं शेत लागत गेलं आणि तिकडे नंदाचं रोप वाढत चाललं, शेंडे पिवळे पडायला लागले. आणखी थांबलं असतं तर कांदा डेंगळ्याला गेला असता, म्हणजे कांदा पोसायच्या आत फुलाचा दांडा येऊन आख्खं पीक फुकट. मला ते बांधावरून दिसत होतं. पासवर्ड माझ्याकडे होता. वरच्या खणात तिचं नाव घालायला कितीसा वेळ लागला असता! एकदा पासवर्ड घातलाही. पण तो घालेपर्यंत तिचंच बोलणं आठवलं, खरंच बदलायचंय का... आणि बंद केलं. भाऊजींनी शेताशेतात चिखलात बसून जे चालवलं होतं, ते माझ्या एका बोटाने खोटं झालं असतं. ते स्वतः काही म्हणाले नाहीत. दुपारच्या भाकरीला बायकांपासून जरा लांब, बांधाला पाठ टेकून बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रखमाकाकू त्यांच्या भाकरीवर काही न बोलता ठेचा ठेवायला लागली.

परवा संध्याकाळी दिवाबत्ती करून ओट्यावर बसले होते. गुडघ्याला तेल लावलेलं, दुसऱ्या हाताने फोन उघडला. वरच्या करड्या खणात नाव होतं, नंदा. कुणी घातलेलं नाही, घालता येतच नाही. आधीचे नंबर लागून झाले तेव्हा शीटने स्वतः हिशोब करून काढलेलं. उद्या कुणाचं शेत, नंदा. मी ते वाचलं आणि मंचरच्या स्टँडवर जे रडायचं राहून गेलं होतं ते तिथे रडले, तेलाचा हात तसाच घेऊन. एवढ्यात रखमाकाकूचा फोन आला. लिहिण्यापेक्षा तिला बोलणं बरं वाटतं.

“आगं, उद्या नंदाकडं हाय ना गं?”

“हो काकू,” मी म्हटलं, “उद्या नंदाकडे. लवकर या.”